तंबोरा ऐकू येतो का?

वस्तू लाकडाची दिसली की मास्तर आधी तिच्यावर बोटाचं पेर आपटायचे, कान तिरका करून ऐकायचे आणि मग निकाल द्यायचे. "पोकळ आहे!" हा निकाल ते टेबलाला देत, दाराला देत, आणि मनात आलं तर टेबलामागे बसलेल्या माणसालाही देत. मुख्याध्यापकांच्या खोलीत नवं कपाट आलं तेव्हा आम्ही सगळे शिक्षक तिथे चहाला जमलो होतो. मास्तरांनी कपाटावर टकटक केली, "पोकळ आहे" म्हणाले, आणि त्या दणक्यासरशी दाराची कडी निखळून मुख्याध्यापकांच्या बशीत पडली. पुढे बरेच दिवस मास्तरांना त्या खोलीत चहाला कोणी बोलावलं नाही.

आमच्या वसईच्या शाळेत ते सुतारकाम शिकवायचे आणि मी खालच्या वर्गांना मराठी. देशाला स्वातंत्र्य मिळून चार-सहा वर्षं झाली असतील. मास्तरांचं नाव मी इथे लिहिणार नाही. ज्यांनी त्यांचा अपमान केला त्यांची नावं लिहायची सोय नाही, कारण त्यांची नातवंडं आज गावात मोठी माणसं म्हणून मिरवतात. मग एकट्या मास्तरांचंच नाव चव्हाट्यावर कशाला आणायचं? शाळेत सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, मीही तेच म्हणते.

स्वभाव म्हणाल तर तिखट. नम्र वगैरे मुळीच नव्हते. जगातलं सगळं आपल्याला कळतं असा त्यांचा पक्का समज होता आणि निम्म्या वेळा तो चुकीचा निघायचा. ते पाचूबंदरचे कोळी. वडिलांची होडी होती, ती वडील गेल्यावर किनाऱ्यावर पडून होती. बायको बाजारात मासळी विकायची. शाळा सुटली की मास्तर तिच्याकडे जायचे, गिऱ्हाइकांशी विनाकारण वाद घालायचे आणि अंधार पडायच्या आत तिची टोपली स्वतःच्या डोक्यावर घेऊन घरी निघायचे. अंगात कोट, डोक्यावर काळी टोपी आणि टोपीवर मासळीची टोपली! शाळेतल्या लोकांनी नाकं मुरडली. एका शिक्षकाने तोंडावर विचारलं की मास्तर, हे शोभतं का? मास्तर म्हणाले, "टोपी शाळेची, टोपली घरची. डोकं माझं आहे."

त्यांना वेड होतं गाण्याचं. स्वतः गात नसत, देवाची कृपा. पण सुतारकाम शिकायला ते मुंबईत राहिले होते, ते एका गायनशाळेच्या माडीवर. खाली दिवसभर तंबोरा चालायचा. तो त्यांच्या कानात जो शिरला तो कायमचा. कोणी म्हटलं की अमक्याच्या घरी छान रेडिओ आहे, गाणं काय सुरेख ऐकू येतं, की मास्तरांच्या कपाळाला आठी. "गाणं कोणालाही ऐकू येतं हो. तंबोरा ऐकू येतो का, ते सांगा." समोरच्याने तो कधी ऐकून बघितलेलाच नसायचा.

आता वाचनालयाबद्दल सांगते. बाजाराच्या समोर आमचं वाचनालय होतं. आत मोठा हॉल, त्यात एक रेडिओ. दर शनिवारी संध्याकाळी रेडिओवर मोठ्या गवयांचं गाणं लागायचं आणि ते ऐकायला सगळ्यांना मुभा होती. सगळ्यांना म्हणजे काय, ते तुम्हीच बघा. कोळणींना कोणी आत येऊ नका म्हणत नसे. फक्त म्हणत, "टोपल्या बाहेर ठेवा." आता उरलेली मासळी रस्त्यावर टाकून कोण आत येणार? कुत्री-मांजरं काय राखण करणार होती? म्हणून मास्तरांची बायको बाहेरच्या पायरीवर बसायची, टोपली मांडीजवळ घेऊन. मास्तर आत खुर्चीवर. आणि रेडिओचा आवाज एवढासा, तो दारापर्यंत पोचायच्या आतच दमायचा. मास्तर सारखे मागे वळून दाराकडे बघत असत. त्यांचं निम्मं गाणं मान वळवण्यातच जायचं.

मग समितीने ठरवलं की रेडिओला जोडायला एक मोठा स्पीकर घ्यायचा. रेडिओच्या मागे तशी सोय होती. वाचनालयाचे अध्यक्ष कोर्टात वकिली करायचे. त्यांनी मुंबईच्या एका दुकानात परदेशी स्पीकर बघून ठेवला होता. काय ती किंमत! त्या पैशात वाचनालयाची गळकी कौलं बदलून वर रंग लावून झाला असता.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिक्षकांच्या खोलीत येऊन माझ्यासमोर उभे राहिले, जणू स्पीकर मीच विकायला आणला होता. "बाई, स्पीकर म्हणजे असतं काय? एक लोहचुंबक आणि एक कागदाची वाटी. ते मी मुंबईच्या जुन्या बाजारातून, लढाईच्या उरलेल्या सामानातून आणीन. बाकी राहिली लाकडाची पेटी. आणि पेटी आपण विकत घ्यायची? वसईत? जिथे समुद्रात जाणाऱ्या होड्या बांधतात तिथे?"

"पण मास्तर, तुम्हाला येईल का करता?"

"येईल का म्हणजे? हवा आत कोंडायची आहे. होडीत पाणी बाहेर कोंडतात, इथे हवा आत. एवढाच फरक!"

मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "पेटी आत गेली ना बाई, की ती पण आत येईल. आपल्या घरची वस्तू कशी मांडली आहे ते बघायला माणूस येतंच की." ती म्हणजे बायको. तेव्हा त्यांची खटपट कशासाठी चालली होती ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं. सांगून ठेवते, म्हणजे पुढे जे झालं त्याचा मला का राग आला ते तुम्हाला समजेल.

पहिला प्रयोग फसला. मास्तरांनी स्पीकर आणला आणि तो पाण्याच्या रांजणाच्या तोंडावर बसवला, कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं म्हणे. वाचनालयाच्या पडवीत रेडिओला जोडून बघितला. गवई जणू विहिरीतून गायला लागला. मास्तरांची बायको बाजारातून बघायला आली होती, ती म्हणाली, "मानूस आत पडलाय जनू. काढा त्याला आधी." मास्तर रांजणावर चिडले, कुंभारावर चिडले, पुस्तकावर चिडले. स्वतःवर मात्र नाही.

मग त्यांनी वडिलांची होडी फोडली. सागाच्या जुन्या फळ्या, खारं पाणी पिऊन पिऊन लोखंडासारख्या झालेल्या. त्यांची छातीएवढी उंच पेटी केली. होडीच्या सांध्यांत कापूस ठोकतात तसा कापूस ठोकला, वर राळ भरली. आणि होडीला लावतात तेच तेल बाहेरून चोपडलं, माशाच्या काळजाचं. पाचूबंदरला लाकडाची वस्तू झाली की तिला ते तेल लावायचं, यात विचार करण्यासारखं काही आहे हे कोणाच्या डोक्यातही येत नाही. मास्तरांच्याही आलं नाही. सगळं शिकलेला हा माणूस, पण माशाच्या तेलाला वास येतो हेच त्याला माहीत नव्हतं! जन्मल्यापासून ज्यात वाढले त्याचा वास त्यांना येणार कसा?

शनिवारी पेटी हातगाडीवरून वाचनालयात आली. समिती जमली, मी सभासद म्हणून होतेच. मास्तरांनी तारा जोडल्या. मी गाण्यातली जाणकार नाही, पण खरं सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा मला गाण्यामागे तंबोरा ऐकू आला. घरात कोणीतरी आहे असं वाटतं ना, तसा तो मागे होता. मास्तर कोणाकडे बघत नव्हते. ते दाराकडे बघत होते, आणि पायरीवर त्यांची बायको पदर तोंडाला लावून हसत होती, कारण तिलाही ऐकू येत होतं.

तेवढ्यात वाचनालयाचं मांजर आलं. पुस्तकांना उंदीर लागू नयेत म्हणून पाळलेलं. ते पेटीभोवती एकदा फिरलं, मागच्या पायांवर उभं राहिलं आणि पेटी चाटायला लागलं. हॉलमध्ये हशा पिकला. अध्यक्षांनी रुमाल काढून नाकाला लावला. ज्यांना इतका वेळ वास आला नव्हता त्यांनाही रुमाल बघून यायला लागला. "नाद उत्तम आहे हो मास्तर," अध्यक्ष रुमालातून म्हणाले, "पण हे सरस्वतीचं मंदिर आहे."

"मांजराला तरी अक्कल आहे," मास्तर म्हणाले. पण त्यांचा चेहरा पडला होता.

सभेत ठराव आला. पेटी दर्पामुळे स्वीकारता येत नाही. मी उठून म्हटलं, दर्प पेटीला येतो की तुमच्या बोलण्याला? पेटी धुता येईल, पॉलिश करता येईल, महिनाभर उन्हात ठेवता येईल. ठराव कसला करता? अध्यक्ष हसून म्हणाले, "बाई, तुमच्याही घरी मासळी चालत नाही ना?" अहो, नाही चालत! माझ्या घरी काय शिजतं याचा इथे काय संबंध? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आणि बाकीची मंडळी? त्यातली कित्येक शनिवारी गाणं संपलं की मास्तरांच्या बायकोकडून पापलेटं निवडून घेत, ती मान खाली घालून बसली होती. ठराव पास झाला. मी माझं सभासदत्व तिथेच त्यांच्या टेबलावर आपटलं.

मास्तरांनी हार मानली नव्हती. त्यांनी पेटी सोड्याने धुतली, राखेने घासली, चुना लावून वाळवली. शाळेच्या मागच्या अंगणात मला घेऊन गेले. पेटीला टेकून उभे राहिले.

"बाई, खरं सांगा. वास येतो?"

"येतो," मी म्हटलं. "मग?"

ते थोडा वेळ फळीवरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी विचारलं, "माझ्या अंगाला पण येतो का?"

इतकी वर्षं झाली, अजून तो प्रश्न आठवला की त्या अध्यक्षांची मानगूट धरावीशी वाटते. जगाला पोकळ म्हणणारा माणूस तो, आणि त्याला असं विचारायला लावलं या लोकांनी. मी म्हटलं, "तुमच्या अंगाला खडूचा वास येतो मास्तर. माझ्याही येतो. चला, घंटा झाली." घंटा झाली नव्हती, पण मला तिथे रडायचं नव्हतं.

परदेशी स्पीकर आला. गवतात गुंडाळलेला, आरशासारखं पॉलिश, पुढे जरीसारखं कापड. आणि तो जोडायचा कोणी? निर्लज्जपणा बघा, त्यांनी मास्तरांनाच बोलावलं! "तुम्हाला यातलं कळतं, तेवढं जोडून द्या." मी म्हटलं, मास्तर, जाल तर माझ्याशी बोलू नका. मास्तर म्हणाले, "दुसऱ्या कोणी जोडला तर तंबोरा येणार नाही." आणि गेले. मीही मागोमाग गेले, न बोलता.

जोडून झाल्यावर त्यांनी ऐकला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आता हा नाव ठेवणार म्हणून. ते म्हणाले, "चांगला आहे." मग सवयीने पेटीवर पेर आपटलं. "पातळ आहे. पण चांगला आहे." मी खोटं कशाला बोलू, होताच तो चांगला. पैसे मोजल्यावर चांगली वस्तू मिळते, त्यात नवल काय? माझं म्हणणं वेगळंच होतं, आणि ते ऐकून घ्यायला त्या हॉलमध्ये कोणी नव्हतं.

अध्यक्षांना स्पीकरचं तोंड आपल्या खुर्चीकडे हवं होतं. मास्तरांनी तो दाराकडे वळवून ठेवला आणि खिशातून होडीचे लांब खिळे काढले. कोणी काही म्हणायच्या आत त्या चकचकीत पायांतून खालच्या लाकडी मंचात ठोकून टाकले, आणि खाली वाकून खिळ्यांची टोकं होडीला वाकवतात तशी वाकवलीसुद्धा. "अहो, अहो, काय हे!" अध्यक्ष ओरडले. "खारं वारं आहे इथलं," मास्तर म्हणाले, "हलतं सगळं." हातोडी खिशात घालून निघून आले. वाटेत मी बोलायचं नाही हे विसरून हसले, तर म्हणाले, "पायरीपर्यंत जातो. बघितलं मी."

त्यांची स्वतःची पेटी पाचूबंदरला परत गेली. पुढच्या वर्षी तिथल्या एका तांडेलाने, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याने, बॅटरीवरचा रेडिओ घेतला, तेव्हा ती त्याला जोडली. वाळत टाकलेल्या बोंबलांखाली बसून, जाळी विणत सगळा कोळीवाडा गाणं ऐकायचा. मी एकदा गेले होते. मास्तरांनी तांडेलाला विचारलं, "तंबोरा ऐकू येतो का?" तांडेल म्हणाला, "तो काय असतो?" मास्तरांच्या बायकोने जाळ्यातून मान वर न करता सांगितलं, "तो मागं घूं घूं करतो तो. गाणारा थांबला तरी थांबत नाय." मास्तरांना याहून चांगली परीक्षा कोणाची हवी होती?

काविळीने गेले ते. चाळिशीही उलटली नव्हती. शाळेत त्यांच्या अवजारांचं कपाट बरेच दिवस कोणी उघडलं नाही.

वाचनालयात शोकसभा झाली. अध्यक्ष बोलले, की कोळी समाजातून वर आलेला एक हिरा हरपला. वर आलेला! कुठून वर? ज्यांच्या होड्यांच्या जिवावर तुमच्या ताटात पापलेट येतं त्यांच्यातून? पुढे म्हणाले, की वाचनालयाच्या श्रवणानंदात त्यांचा मोलाचा वाटा होता. मी मधेच उठून बाहेर आले. पायरीवर कोणी नव्हतं.

श्रावण लागला तशी मी पाचूबंदरला गेले. नारळी पौर्णिमा जवळ आली होती, होड्या वाळूवर काढून सगळे त्यांना तेल लावत होते. त्या ओळीच्या शेवटी, शेवटच्या होडीला लागून, मास्तरांची पेटी उभी होती. मास्तरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, करवंटीत तेल घेऊन फडक्याने तिला लावत होत्या. पुढच्या भोकातून आत बघितलं तर कागदाची वाटी उंदरांनी कुरतडून टाकलेली.

"वहिनी, ही आता वाजत नाही ना?"

"नाय वाजत."

"मग?"

"होडी तरी पावसात कुठं चालते, बाई? म्हून तेल लावायचं सोडतं का कोन?"

मी दुसरं फडकं घेतलं आणि मागच्या बाजूला लागले. वास होता, भरपूर होता. दोघींनी पेटी पुरी केली. शनिवार होता, वहिनींना सुकी मासळी घेऊन बाजारात जायचं होतं, मीही निघाले. आम्ही पोचलो तेव्हा समोर वाचनालयात गाणं सुरू झालं होतं. म्हटलं, "चला वहिनी, आज आत बसू. मी तुमच्याबरोबर आहे, बघू कोण काय म्हणतो ते."

त्यांनी टोपली खाली ठेवली. "पेटी आत गेली असती तर मी पन गेले असते," त्या म्हणाल्या, "आता ती भाईर, मी भाईर," आणि पायरीवर बसल्या. मग मीही बसले.

अध्यक्ष दारात आले. "बाई, तुम्ही इथे? आत खुर्ची आहे की," असं म्हणता म्हणता त्यांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला. त्यांच्या मागे तो परदेशी स्पीकर दिसत होता, अजून दाराकडे तोंड करून. मास्तर गेल्यावर त्यांनी तो वळवायचा प्रयत्न केला होता म्हणे, पण खिळे निघाले नाहीत.

"इथे ऐकू येतं," मी म्हटलं, आणि तेलाचे हात पुसले नाहीत. आत गवई श्वास घ्यायला थांबला. वहिनींनी मला कोपराने ढोसलं. तंबोरा पायरीपर्यंत येत होता.